पोर्ट्समथची चार वर्षं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघावरच्या लेखात मी निम्मी जागा पोर्ट्समथ स्पार्टन्सना, म्हणजे डेट्रॉइटला जाण्याआधीच्या त्याच संघाला दिली, ते तुम्हाला खटकलं. 'चार हंगाम खेळले, विजेतेपद एकदाही जिंकले नाहीत, पैसे संपले, संघ विकला. खरा इतिहास 1934 पासूनचा,' असं तुम्ही लिहिलंत. शिवाय शिकागोतल्या 1932 च्या सामन्याला मी 'अंतिम सामना' म्हटलं, तेही चूक असं तुमचं म्हणणं.

दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. तेव्हा बरोबरीचे सामने मोजतच नसत. स्पार्टन्सचे 6 विजय, 1 पराभव. शिकागो बेअर्सचेही तेवढेच. म्हणून एक जादा सामना ठेवला आणि तो साखळीतच धरला. त्यामुळे हरल्यावर स्पार्टन्स थेट तिसरे गेले, ग्रीन बे पॅकर्सच्याही खाली. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिला मुद्दा मात्र मला पटत नाही, आणि कारण तोच सामना आहे. 18 डिसेंबरला बर्फ आणि थंडी इतकी, की खेळ छताखाली, शिकागो स्टेडियममध्ये हलवला. नुकत्याच संपलेल्या सर्कशीची माती खाली तशीच होती. मैदान जेमतेम 80 यार्डांचं, कडेला भिंती. भिंतीला खेटून खेळणार कसं? म्हणून चेंडू आत आणून ठेवायचं ठरलं. चौथ्या सत्रात बेअर्सचा नागुर्स्की चेंडू घेऊन जिथून डाव सुरू होतो त्या रेषेकडे झेपावला, थबकला, मागे सरकला आणि उडी मारून त्याने चेंडू सहकारी रेड ग्रेंजकडे फेकला. पास देणारा रेषेच्या 5 यार्ड मागे हवा, असा तेव्हाचा नियम. तो तेवढा मागे नव्हता, असं स्पार्टन्सचे प्रशिक्षक पॉट्सी क्लार्क ओरडून सांगत राहिले. पंचांनी ऐकलं नाही, बेअर्सना गुण दिले. सामना 9-0 असा गेला. पुढच्याच वर्षी 5 यार्डांची अट गेली, चेंडू आत आणण्याच्या खुणा मैदानावर आल्या आणि दोन विभागांच्या विजेत्यांचा रीतसर अंतिम सामना सुरू झाला. आजचा व्यावसायिक फुटबॉल या तिन्हींवर उभा आहे.

आता पैशांचं. पोर्ट्समथ म्हणजे ओहायो नदीकाठचं, तेव्हा 42 हजार वस्तीचं गाव, त्यात महामंदी. तिकीटविक्रीवर संघ पोसणं त्याला झेपलं नाही. डेट्रॉइटच्या रेडिओ केंद्राचे मालक जॉर्ज रिचर्ड्स यांनी तो आठ हजार डॉलरच्या आत घेतला. पण त्यांनी नुसता कागदावरचा संघ घेतला नाही. 1935 च्या अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सना 26-7 हरवणाऱ्या लायन्सचे प्रशिक्षक तेच पॉट्सी क्लार्क. डच क्लार्क, प्रेस्नेल, गुटोव्स्की, हे सगळे खेळाडू पोर्ट्समथचेच.

शिकागोच्या सामन्यात डच क्लार्क नव्हता, हेही लक्षात घ्या. तो कोलोराडोतल्या कॉलेजचा बास्केटबॉल प्रशिक्षक होता आणि कॉलेजने त्याला सोडलं नाही. त्याआधी दोनच आठवडे, 4 डिसेंबरला, स्पार्टन्सनी पॅकर्सना 19-0 असं धुतलं होतं. पूर्ण सामन्यात एकही बदली खेळाडू उतरवला नाही, तेच अकरा शेवटपर्यंत. डच त्यांच्यात होता.