विमान स्टॉल झाल्यावर नाक वर नव्हे, खाली

“स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं. तेव्हा नाक वर ओढायचं आणि इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा. एअरबस असेल तर चिंता नाही, तिचा कॉम्प्युटर स्टॉल होऊच देत नाही.” विमान अपघाताची बातमी आली की व्हॉट्सॲपवर असा मजकूर फिरतो. त्यातलं प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि एअर फ्रान्स ४४७चा अपघात त्याचा पुरावा आहे.

रिओहून पॅरिसला निघालेलं ते एअरबस ए३३० १ जून २००९ रोजी अटलांटिकमध्ये कोसळलं. २२८ माणसं गेली. दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत चालू होती. स्टॉल होतो तो पंखांचा. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन फार वाढला, की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि विमानाला वर धरणारी उचल घटते.

नाक वर ओढण्याचा सल्ला सर्वांत घातक. ३५ हजार फुटांवर हवेचा वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. आकडे मिनिटभरात सावरले. पण वैमानिकाने साइडस्टिक (नाक वर-खाली करणारी दांडी) मागे ओढल्याने विमान ३८ हजार फुटांकडे चढलं आणि वेग गमावून बसलं. “स्टॉल, स्टॉल” हा इशारा सलग ५४ सेकंद वाजत होता. मग विमान मिनिटाला सुमारे १० हजार फूट वेगाने खाली येऊ लागलं, तेही बहुतांश वेळ नाक वर असताना! म्हणून नुसत्या नाकावरून स्टॉल ओळखता येत नाही; इशारा, थरथर आणि झपाट्याने घटणारी उंची एकत्र वाचावी लागते. त्यात एक क्रूर पेच होता. मोजलेला वेग ६० नॉट्सखाली गेला की इशारा बंद व्हायचा, आणि नाक जरा खाली केलं की पुन्हा वाजायचा. बरोबर कृतीच चूक वाटावी अशी ती रचना होती.

पूर्ण जोराचं म्हणाल, तर पंखांखालची इंजिनं जोर वाढला की नाक आणखी वर ढकलतात, आणि एवढ्या उंचीवर त्यांच्याकडे शिल्लक जोरही थोडाच असतो. आधी नाक खाली, उंची गेली तरी चालेल. जोर त्यानंतर, बेताने.

राहिला कॉम्प्युटर. वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, तेव्हा त्याने स्टॉलपासूनचं संरक्षण सोडून दिलं. पुढचं सगळं वैमानिकांच्या हाती होतं. अमेरिकेत २०१९पासून एअरलाइन वैमानिकांना सिम्युलेटरवर पूर्ण स्टॉलमधून बाहेर पडण्याचा सराव सक्तीचा झाला, तो याच काळातल्या अपघातांमुळे.