‘धोका 8 टक्के’: फिरत्या मजकुराला एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

मोठ्या ऑपरेशनआधी डॉक्टर ‘धोका 8 टक्के’ असं काही सांगतात. वय, रिपोर्ट आणि ऑपरेशन बघून गुण मोजायचे, म्हणजे ‘स्कोअर’ काढायचा, आणि त्यावरून हा आकडा येतो. त्याबद्दलचा एक मजकूर सध्या मोबाइलवर हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे स्कोअर म्हणजे कॉम्प्युटरने वर्तवलेलं मरण, त्यापेक्षा अनुभवी डॉक्टरची नजर बरी, आकडा कमी आला की निर्धास्त राहा, आणि जास्त आला तर समजा, हॉस्पिटलने हात झटकायची सोय करून ठेवली. मी भूल देतो, हे आकडे रोज काढतो. असलं काही वाचून कुणी गरजेचं ऑपरेशन टाळू नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कॉम्प्युटरने वर्तवलेलं मरण’

8 टक्के म्हणजे एवढंच: तुमच्यासारखं वय, तुमच्यासारखे रिपोर्ट आणि असंच ऑपरेशन असलेले 100 जण घेतले, तर 30 दिवसांत त्यातले साधारण 8 दगावतील. तुम्ही त्या 8 मध्ये की उरलेल्या 92 मध्ये, हे कुठल्याही स्कोअरला कळत नाही.

आणि हे गणित चुकतंही. ऑपरेशननंतरच्या मृत्यूचा धोका सांगणारा, 1991 साली आलेला पॉसम स्कोअर घ्या. त्यात नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, युरिया अशा पेशंटच्या 12 गोष्टी आणि ऑपरेशनच्या 6 गोष्टी मोजतात. प्रत्येकीला किमान 1 गुण असतोच. म्हणजे ठणठणीत माणसाचेही 18 गुण होतात, आणि गुणांवरून धोका काढायच्या समीकरणात 18 गुणांना मृत्यूचा धोका 1 टक्क्याहून थोडा जास्तच निघायचा. किरकोळ ऑपरेशनला आलेल्या तरुणालासुद्धा! प्रत्यक्षात एवढे लोक दगावत नव्हते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या डॉक्टरांनी समीकरण नव्याने मांडलं, 1998 मध्ये पी-पॉसम ही सुधारित आवृत्ती आली आणि हा सर्वांत कमी धोका 0.2 टक्क्यांवर उतरला. हृदयाच्या ऑपरेशनसाठीच्या युरोस्कोअरचंही तेच झालं: 1999 चा स्कोअर पुढे धोका फुगवून दाखवू लागला, म्हणून 2012 मध्ये दुसरी आवृत्ती आली. भविष्य सांगणारा आपलं चुकलेलं मोजून दुरुस्त करत बसत नाही.

‘अनुभवी नजर बरी’

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा, कारण कितीतरी वर्षं माझंही हेच मत होतं.

2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. मोठ्या ऑपरेशनसाठी आलेले 1401 पेशंट. भूलतज्ज्ञांनी बोलून, बघून अंदाज केला की या माणसाचं शरीर किती श्रम झेपवेल. मग त्याच पेशंटना सायकलवर बसवून खरोखर मोजलं. ज्यांची ताकद कमी निघाली, त्यातल्या 100 पैकी जेमतेम 19 जणांना आमच्या नजरेने ओळखलं होतं. बाकीचे निसटले. त्याच अभ्यासात 12 साध्या प्रश्नांच्या एका प्रश्नावलीने मृत्यूचा आणि हार्ट अटॅकचा अंदाज आमच्यापेक्षा चांगला दिला.

हे वाचल्यापासून माझी विचारण्याची पद्धत बदलली. ‘काका, जिना चढता का?’ ‘हो, रोज.’ पूर्वी मी इथे थांबायचो. आता पुढे विचारतो: एका दमात चढता, की मध्ये कठड्याला धरून उभं राहावं लागतं? यावर बऱ्याचदा काका बायकोकडे बघतात, आणि उत्तर त्या देतात.

पण म्हणून नजर टाकाऊ ठरत नाही. 2020 मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 274 हॉस्पिटलांतल्या 22,631 पेशंटांवरून हेच तपासलं. डॉक्टरांचा अंदाज आणि ‘सॉर्ट’ नावाचा स्कोअर दोन्ही एकत्र केले, तेव्हा भाकीत सगळ्यात नेमकं आलं. माणूस की यंत्र, हे भांडणच मुळात खोटं आहे.

‘आकडा कमी, मग निर्धास्त’

आधी विचारा, आकडा कशाचा? 1999 चा डॉ. ली यांचा स्कोअर सहा गोष्टी बघतो, आणि धोका सांगतो तो फक्त हृदयाच्या गुंतागुंतीचा. न्यूमोनिया झाला, आतड्याचा जोड सुटला, तर त्याबद्दल त्याने काहीच सांगितलेलं नसतं.

दुसरं, धोका टेबलावर संपत नाही. नातेवाईक ऑपरेशन थिएटरच्या दाराशी श्वास रोखून उभे असतात, आणि ‘झालं, व्यवस्थित’ ऐकलं की घरी जातात. मला काळजी असते ती पुढच्या काही रात्रींची. 2009 मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची तुलना झाली. सर्वांत कमी मृत्यूंच्या गटात 26.9 टक्के पेशंटना गुंतागुंत झाली, सर्वांत जास्त मृत्यूंच्या गटात 24.6 टक्के. जवळपास सारखंच. पण मोठी गुंतागुंत झाल्यावर दगावण्याचं प्रमाण एकीकडे 12.5 टक्के, दुसरीकडे 21.4. फरक पडला तो बिघाड लवकर ओळखून धावून जाण्यात. रात्री दोन वाजता श्वासाची गती मिनिटाला 18 वरून 26 वर गेली, हे कुणी पाहिलं का? पाहिलं तर कुणाला उठवलं? ऑपरेशनआधी काढलेल्या आकड्यात हे कुठेच नसतं.

‘हात झटकायची सोय’

ब्रिटनमध्ये पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनला अंदाजे मृत्यूचा धोका 5 टक्के किंवा जास्त आला, तर वरिष्ठ सर्जन आणि वरिष्ठ भूलतज्ज्ञ स्वतः हजर हवेत आणि नंतर पेशंट आयसीयूत हवा, असा दंडक आहे. तिथे मोठा आकडा आला की डॉक्टरांचं काम वाढतं.

तरीही या तक्रारीत तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. संमतीपत्रावर सही घेताना आकडा घाईघाईने कानावर घालायचा आणि पुढच्या पेशंटकडे वळायचं, हे घडतं. तसं झालं तर डॉक्टरांना थांबवा. विचारा: हा आकडा मृत्यूचा की गुंतागुंतीचा? तो कमी करायला आधी काही करता येईल का? हिमोग्लोबिन वाढवता येईल, सिगारेट सोडायला वेळ मिळेल? पहिल्या रात्री पेशंट कुठे असेल, आणि त्याच्याकडे कोण बघणार? ऑपरेशन केलंच नाही तर काय, हेही विचारा. तो धोका कित्येकदा 8 टक्क्यांहून मोठा असतो.