मैदान चर्चचं, वही आक्कांची

सकाळपासून डोकं फिरलंय. शाळेत दोन तास धड शिकवता आलं नाही. आता जेवणं उरकलीत, तर सगळं लिहूनच काढते. लांब होणार आहे, सवडीनं वाचा.

आज सहा-सव्वासहाला चर्चमागच्या मैदानाच्या, म्हणजे जिथं आम्ही कुत्री मोकळी सोडतो त्या जागेच्या, गेटवरून एका पोराला परत पाठवलं. बारा-तेरा वर्षांचं पोर, मागच्या वस्तीतलं, आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. सोबत त्याचा कुत्रा, खंड्या. दोन वर्षांपूर्वी बाळे इथल्या खंडोबाच्या यात्रेत हे पिल्लू त्याच्या मागं मागं आलं म्हणून नाव खंड्या. पट्टा विकतचा नाही, चादरीच्या कापून टाकलेल्या किनारीची तीन पदरी वेणी घालून त्यानं स्वतः केलाय, हिरवा-लाल. नवीन वॉचमन म्हणाला, "मेंबर हाईस का बे?" पोरगं म्हणालं, "आक्का सोडत होत्या की." तर म्हणे, "आता आक्का न्हाईत, आता कमिटी हाय. गावठी कुत्रं चालत न्हाई." पोरानं वाद घातला नाही, रडलं नाही, खंड्याच्या पाठीवर हात ठेवून तसंच वळलं आणि गेलं. मी माझ्या कुत्र्याला, चिकूला घेऊन चार पावलांवर उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेपर्यंत ते कोपऱ्यावर पोचलंसुद्धा.

वॉचमनदादांवर माझा राग नाही. त्यांना सांगितलं ते त्यांनी केलं. राग आहे तो सांगणाऱ्यांवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ही जागा चर्चची आहे. आमची नाही, कॉलनीची नाही, महापालिकेची पण नाही. अमेरिकन मराठी मिशनची लोकं एकोणिसाव्या शतकात सोलापुरात आली, शाळा काढल्या, मुलींना शिकवलं, हे आपल्याकडं सगळ्यांना माहितीय. चर्चच्या मागं चिंचा आणि कडुलिंबाखाली ही मोकळी जागा पडून होती. लॉकडाऊन उठल्यावर आम्ही आठ-दहा जण चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे पाद्रींना, भेटलो, की सकाळ-संध्याकाळ कुत्री मोकळी सोडायला जागा नाही, रस्त्यावर गाड्या, आणि उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला गेला की सकाळी आठनंतर डांबरावर कुत्र्याचे पंजे भाजतात. त्यांनी चर्चच्या पंच कमिटीपुढं विषय ठेवला आणि परवानगी दिली. भाडं नाही, डिपॉझिट नाही. अटी तीनच. रविवारी उपासना आणि शब्बाथ शाळा (मुलांचा बायबलचा वर्ग) सुटेपर्यंत कुणी यायचं नाही. घाण ज्याची त्यानं उचलायची. आणि गेट कुणाला बंद करायचं नाही.

तिसरी अट नीट वाचा. ती अट घालणारे जागेचे मालक आहेत आणि ती मोडणारे आपण पाहुणे.

आक्का त्याच चर्चच्या मंडळीतल्या. रिटायर्ड नर्स, सत्तरीच्या पुढच्या, आणि स्वतःचं कुत्रं नाही बरं का. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी गेटच्या आतल्या खांबाला खिळा ठोकून एक शंभरपानी वही सुतळीनं लटकवली. पट्टीनं आखलेले रकाने, कुत्र्याचं नाव, कुणाचं, रेबीजच्या इंजेक्शनची तारीख, पुढची तारीख, जंताचं औषध, आणि शेवटचा रकाना "स्वभाव". त्या रकान्यात त्यांच्या अक्षरात "खाताना जवळ जाऊ नये", "फटाक्याला भितो", "पोरांशी चांगली" असं लिहिलेलं असायचं. गेटपण त्यांनीच दोन करून घेतले, वेल्डरला समोर बसवून. पहिलं दार, मग चार बाय चारचा पिंजरा, मग दुसरं दार. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत पिंजऱ्यात पट्टा सोडायचा, म्हणजे कुत्रं रस्त्यावर सुटत नाही आणि आतली एकदम अंगावर येत नाहीत. एवढ्या साध्या गोष्टीनं किती भांडणं टळली असतील.

आता माझं सांगते.

मे महिना होता. मी नेहमीसारखी चिकूला घेऊन गेले. आक्का वही बघून म्हणाल्या, "मॅडम, चिकूची तारीख उलटली. आज आत नाही सोडणार." सगळ्यांसमोर. माझे दोन विद्यार्थीपण तिथं होते. मी म्हटलं आक्का, लॅब्रॅडोर आहे, घरातलं कुत्रं आहे, रस्त्यावर फिरत नाही, दहा-पंधरा दिवस इकडंतिकडं झालं तर काय बिघडतं. त्या म्हणाल्या, "इंजेक्शन देऊन या, मी इथंच बसलीय." आवाज चढवला नाही, पण दारावरचा हातही काढला नाही. मी भयंकर चिडले. घरी येऊन कपाटातून कार्ड काढलं तर पंधरा दिवस नाही, सव्वादोन महिने उलटले होते. संध्याकाळी इंजेक्शन दिलं आणि चार दिवस रागानं मैदानावर गेले नाही.

त्यानंतर महिन्याभरात त्याच चिकूनं एका पोराच्या पोटरीला दात लावला. बॉलवरून झालं, पोरानं त्याच्या तोंडातून बॉल ओढला. फार खोल नव्हतं पण रक्त आलं. माझे हातपाय गार पडले. आक्कांनी पोराला उचलून नळाखाली नेलं, साबण मागवला आणि मनगटावरचं घड्याळ बघत पंधरा मिनिटं, पूर्ण पंधरा मिनिटं, वाहत्या पाण्याखाली ती जखम धुतली. पोरगं ओरडत होतं, आई रडत होती, कुणीतरी हळद आणा म्हणालं तर आक्का एवढ्या जोरात "काही लावायचं नाही!" म्हणाल्या की सगळे गप्प. नंतर स्वतः त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. कुत्र्याचं इंजेक्शन झालेलं असलं तरी माणसाचं टाळायचं नाही, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, चारही वेळा त्या बरोबर गेल्या. आणि दहा दिवस रोज सकाळी माझ्या घरी येऊन चिकूला बघून जायच्या. खातोय का, पाणी पितोय का.

त्या दहा दिवसांत एकदा चहा घेताना बोलल्या होत्या. तरुणपणी वॉर्डात त्यांनी रेबीजचा पेशंट बघितला होता. पाण्याचा ग्लास नुसता समोर आणला की त्याचं अंग झटके द्यायचं. एकदा लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही, नर्सच्या हातात फक्त बसून राहणं असतं. एवढं सांगितलं आणि कप खाली ठेवला. त्या वहीत एवढा जीव का, हे मला तेव्हा कळलं.

तेच पोर आज परत पाठवलं. हो, तेच. चिकू ज्याला चावला ते पोर म्हणजे खंड्याचा मालक. त्या प्रकारानंतर त्याला कुत्र्यांची भीती बसली होती. आक्कांनीच त्याला रोज मैदानावर बोलावून, चिकूच्या पाठीवर हात ठेवायला लावून ती भीती घालवली. म्हणून तर यात्रेत पिल्लू मागं लागल्यावर त्यानं ते घरी आणलं.

आणि त्याला हे म्हणतात गावठी चालत नाही!

ही कमिटी तीन महिन्यांपूर्वी झाली. आक्का गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडं मिरजेला गेल्या आणि पंधरा दिवसांत पाच जणांनी व्हॉट्सॲपवर ठरवून टाकलं की आता मॅनेजमेंट प्रोफेशनल पाहिजे. महिना ३०० रुपये, आयकार्ड, कॅमेरा, वॉचमन, बोर्ड. वही काढली आणि रजिस्टर ठेवलं. आज मी ते रजिस्टर हातात घेऊन बघितलं. नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल, गाडी नंबर, इन टाइम, आऊट टाइम, सही. लसीच्या तारखेचा रकानाच नाही! पानं उलटून बघितली, कुठंच नाही. कमिटीतल्या एकांचा रॉटवायलर रोज पट्ट्याशिवाय आत येतो, दोन्ही दारं एकदम उघडून, त्याची लस कधी झाली हे वॉचमनला माहीत नाही, मला माहीत नाही, कुणी विचारत पण नाही कारण ते मेंबर आहेत. आणि ज्या खंड्याच्या डाव्या कानाला खाच आहे, म्हणजे महापालिकेच्या गाडीनं नेऊन नसबंदी आणि लस दोन्ही केलेली आहे, ज्याची पुढची तारीख आक्कांनी वहीत लाल पेननं लिहिली होती, तो बाहेर. कानाची ती खाच कशासाठी असते हे तरी शिकवा ना त्या वॉचमनला.

मी विचारलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, मॅडम सुप्रीम कोर्टाची ऑर्डर आहे, भटकी कुत्री आत घेता येत नाहीत. मला राग येतो तो ह्याचा. अर्धवट ऐकायचं आणि गरिबाच्या तोंडावर फेकायचं. ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता होता, तोही २२ ऑगस्टला बदलला, की नसबंदी आणि लस करून कुत्री जिथली तिथं सोडा, पिसाळलेली आणि हल्ला करणारी सोडून. ७ नोव्हेंबरचा आदेश शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणच्या बेवारस कुत्र्यांबद्दल आहे. खंड्या बेवारस आहे का? त्याला घर आहे, नाव आहे, रोज सकाळी त्याच्यासाठी उठणारं माणूस आहे. आणि २०२३ चे केंद्राचे नियम बघा, खाऊ घालायच्या जागेवरून वाद झाला तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणीमित्र, सोसायटीची माणसं आणि तक्रार करणारा, सगळ्यांना एकत्र बसवून सोडवा असं त्यात आहे. तक्रार करणारासुद्धा! इथं त्या पोराच्या आईला एका शब्दानं तरी कुणी विचारलं का?

हैदराबादला कोंडापूरमध्ये २०१८ ला महापालिकेनं कुत्र्यांचं पार्क केलं, आमच्यातले दोघं-तिघं बघून आले आणि तेव्हापासून सारखं तसं करू, तसं करू. करा ना. पण ती जागा पालिकेची आहे आणि ही चर्चची, त्यांनी भरवशावर दिलेली. पंचांनी उद्या कुलूप लावलं तर आपण कुठल्या तोंडानं बोलणार?

पैशाचं म्हणणं मात्र मान्य करते, ते खोटं नाही. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, उन्हाळ्यात कुत्र्यांच्या हौदाला टँकर लागतो आणि तो फुकट येत नाही. दिवाळीत मैदानावर जे मोठं भांडण झालं ते पण खरं, आक्का एकट्या किती बघणार होत्या. पण मग ज्याला जमेल त्यानं ३०० द्या, ज्याला जमेल त्यानं ५०० द्या, आणि ज्याला जमत नाही त्यानं हौद घासावा. ते पोर आजवर दर शनिवारी हौद घासत आलंय, नारळाची शेंडी घेऊन, आत उतरून. कमिटीतलं कुणी कधी घासलाय?

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. कुत्र्यानं भाकरी पळवली तर कोरडी खाऊ नको म्हणून तुपाची वाटी घेऊन मागं धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट मी दरवर्षी पोरांना वर्गात सांगते. उद्या कुठल्या तोंडानं सांगू?

मला लक्ष ठेवणारं कुणीतरी पाहिजेच आहे. उगाच कुणी म्हणू नका की मॅडमना शिस्त नको. त्या मे महिन्यात मला गेटवर अडवलं नसतं तर त्या पोराला चावलेला चिकू बिनलसीचा असता. रात्री कधी जाग आली की अजून ते डोळ्यापुढं येतं. मला अडवलं कारण तारीख उलटली होती. मी कोण, कुठल्या फ्लॅटमधली, हे आक्कांनी बघितलंच नाही. आज त्याला अडवलं तेव्हा तारीख कुणी विचारलीच नाही.

संध्याकाळी मिरजेला फोन लावला. सगळं सांगितलं, सांगताना मलाच रडू आलं. आक्का जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "खंड्याचं ह्या वर्षीचं झालं का? ह्याच महिन्यात आहे बघा." कमिटीबद्दल एक शब्द नाही. वही कुठं आहे विचारलं, तर मी म्हटलं माहीत नाही, कुणीतरी काढून ठेवलीय. त्यावर म्हणाल्या, "नवीन घ्या. जुन्या तारखा माझ्या लक्षात आहेत, मी फोनवर सांगते." आणि खरंच, चाळीसेक कुत्र्यांच्या तारखा त्या बाईनं पाऊण तास बसून सांगितल्या. गुडघ्याचं दुखणं आहे अजून.

नंतर पाळकसाहेबांशी बोलले. त्यांना आयकार्डाचं, ३०० रुपयांचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी रविवारी उपासना सुटल्यावर साडेदहाची वेळ दिलीय, मैदानावरच, चिंचेखाली. पंच कमिटीतले दोघं येणार आहेत. कॉलनीच्या कमिटीतल्या पाचही जणांना मी स्वतः फोन केलेत, तिघं येतो म्हणाले. रॉटवायलरवाल्यांनी फोन उचलला नाही. पोराच्या घरी आत्ताच जाऊन आले, त्याची आई म्हणाली विड्यांचा माल द्यायचा असतो पण येते.

दोनशेपानी वही घेतलीय, रकाने आखून झालेत, पहिल्या ओळीत खंड्या. ज्यांची कुत्री मैदानावर येतात त्यांनी रविवारी लसीचं कार्ड घेऊन या, मूळ कार्ड, मोबाईलवरचा फोटो नको. आणि कुणाकडं मोठा खिळा आणि हातोडी असेल तर तेवढं बरोबर आणा, खांबावरचा जुना खिळा काढून टाकलाय त्यांनी.