मन भटकणारच, परत यायची सोय करा

"लक्ष लागत नाही" म्हटलं की बेळगावात चार जण चार उपाय सांगतात. पहाटे उठ, ध्यान कर, मोबाईल ठेवून दे, मनाचा निर्धार कर. यातला शेवटचा सगळ्यात निरुपयोगी, असं माझं स्पष्ट मत आहे. हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी 2010 साली एक अभ्यास छापला. दोन हजारांवर माणसांना दिवसात मध्येच फोनवर विचारलं, आत्ता मन कुठं आहे? जवळपास 47 टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे निर्धार करणाऱ्यांचंही सुटतंच की! तेव्हा मन किती वेळ टिकलं हे मोजू नका. सुटल्यावर कामावर परत यायला किती वेळ गेला, ते बघा. तो वेळ कमी करता येतो.

बेळगावच्या शहापुरातल्या साडीच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्याचंच घ्या. 20 तारीख जवळ आलेली, जीएसटीचा महिन्याचा 3बी फॉर्म भरायचा, खरेदीची बिलं जुळवणं चाललंय. तेवढ्यात गिऱ्हाईक येतं. दहा मिनिटांनी तो गल्ल्यावर परत येतो आणि कुठवर आलो होतो तेच आठवत नाही. ते शोधायचा कंटाळा येतो, हात फोनकडे जातो, अर्धा तास गेला. गिऱ्हाइकानं दहाच मिनिटं खाल्ली, बाकीची मिनिटं कुठवर आलो ते शोधण्याच्या कंटाळ्यानं. उपाय दहा सेकंदांचा आहे. मान वर करायच्या आधी चिठ्ठीवर एक ओळ: "214 झालं. पुढचं 215, इचलकरंजीचं, आयजीएसटी बघणे." (इचलकरंजी आपल्याला कितीही घरची वाटली तरी जीएसटीला ती परराज्यच, म्हणून आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या मालावरचा कर.) ओळीत पुढची कृती हवी. नुसतं "बिलं अर्धी झाली" लिहिलं तर परत आल्यावर पुन्हा विचार करावा लागतो, आणि मन तिथंच निसटतं.

दुसरी सोय वहीची. साधी दोनशे पानी पुरे. उजव्या पानावर आजची कामं, जास्तीत जास्त तीन. डावं पान मध्येच सुचणाऱ्या गोष्टींसाठी: गॅस नोंदवायचा, मावशीला फोन, पावसाआधी कौलं. सुचलं की तीन-चार शब्दांत लिहायचं आणि कामावर परत. अर्धवट राहिलेली कामं मनात टोचत राहतात, पण ती कधी नि कशी करायची एवढं ठरलं तरी टोचणी कमी होते. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी 2011 मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. मात्र डावं पान रोज दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी वाचायचंच, आणि प्रत्येक गोष्टीपुढं वार-वेळ टाकायची. बहुतेकांची वही इथंच बंद पडते. पान वाचलं जात नाही, मग मनाचा वहीवरचा भरवसा उडतो आणि ते पुन्हा स्वतःच आठवण करून द्यायला लागतं.

सीमाभागात कामं रखडायचं आपलं एक खास कारण आहे, त्यावर कुणी बोलत नाही. फॉर्म कन्नडमध्ये. "जमिनीचं काम" असं यादीत महिनोन्महिने पडून राहतं, कारण पहिली पायरीच दिसत नाही. लोक याला आळस म्हणतात, ते मला पटत नाही. ते काम फोडून लिहा: घरातल्या जुन्या पहाणीवरून (म्हणजे कर्नाटकातला सात-बारा) सर्व्हे नंबर आणि हिस्सा उतरवणे, नवी पहाणी काढून आणणे, शाळेत कन्नड शिकणाऱ्या पुतणीला रविवारी सकाळी फॉर्म वाचायला बसवणे. एकेक ओळ एका बैठकीत संपली पाहिजे. संपत नसेल तर अजून फोडा.

टायमर लावून 25 मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती, हे माप काही शास्त्रात लिहिलेलं नाही. ज्याचं मन फार पळतं त्यानं 10 पासून सुरुवात करावी. मधल्या पाच मिनिटांत रील्स नकोत. त्यांना शेवट नसतो, त्यामुळं उठायची वेळ कळत नाही. पाणी प्या, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन या. आणि कामांच्या याद्यांची ॲपं? चांगलं ॲप शोधण्यात जाणारा रविवार हाही भटकण्याचाच प्रकार.

एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या पोरांना "पाच तास बैस" म्हणणाऱ्या पालकांनी तास मोजणं सोडावं. अर्धा तास वाच, पुस्तक मिटून आठवेल ते लिही, असं सांगा. लक्ष कुठं सुटलं ते कागदावरच दिसतं.

एवढं करूनही कामं, नोकरी, संसार सगळीकडेच सतत घोळ होत असेल, आणि हे लहानपणापासूनचं असेल, तर एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, असू शकतो. तो स्वभावदोष नव्हे, त्यावर औषधं आणि उपचार आहेत. अपुरी झोप, थायरॉईड, नैराश्य यांनीही लक्ष उडतं, म्हणून स्वतःच निदान करू नका. बेळगावात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करता येतो. डॉक्टर बाराव्या वर्षाच्या आधीची लक्षणं विचारतील. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर घेऊन जा, आणि जमलं तर आईलाही सोबत न्या.