भाचा म्हणे ‘कायनेस्थेटिक’ आहे

संक्रांतीला पुण्याहून मावसबहीण आली. तिळगुळाच्या आधी तिने पिशवीतून स्पायरलची फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली. अडतीस पानं, गुळगुळीत कागद, रंगीत तक्ते. पोराच्या दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घेऊन त्याची ‘जन्मजात बुद्धिमत्ता’ सांगणारी चाचणी. साडेचार हजार रुपये. निकाल काय, तर मुलगा 42 टक्के हातांनी करून, 31 टक्के बघून आणि 27 टक्के ऐकून शिकतो. म्हणजे ‘कायनेस्थेटिक’.

“ताई, तू शाळेत शिकवतेस. आता याला कुठलं ॲप घेऊ ते सांग.”

बेरीज तेवढी बरोबर शंभर भरत होती.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उमटतात, मेंदूही तेव्हाच वाढत असतो, म्हणून रेषा वाचल्या की मेंदू वाचला, असा या धंद्याचा युक्तिवाद. त्या काळात नाकसुद्धा वाढत असतं. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीरपणे सांगितलेलं आहे. तरी स्कॅनर आला, लॅपटॉप आला, रंगीत प्रिंट आली की हात बघणाऱ्या जोशीबुवांपेक्षा आपला जास्त विश्वास बसतो.

फाइलच्या तिसऱ्याच पानावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचा फोटो. त्या माणसाचा यात काही दोष नाही. त्यांनी 1983 मध्ये बुद्धिमत्ता एक नसून अनेक आहेत अशी मांडणी केली. आधी सात, पुढे निसर्गाची जाण ही आठवी. बोटांच्या ठशांचा तिथे संबंध नाही. ‘हा बघून शिकतो, तो ऐकून शिकतो’ या शिकण्याच्या शैली आणि आपला सिद्धांत एक नाही, हेही त्यांनी स्वतः स्पष्ट केलंय. शैलींचं म्हणाल तर 2008 मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं सगळं संशोधन चाळलं. त्यांची अट साधी होती. ‘बघणारी’ पोरं चित्रांनी जास्त शिकली पाहिजेत, ‘ऐकणारी’ पोरं ऐकून जास्त शिकली पाहिजेत, आणि तेही अदलाबदल करून ताडून बघितलेलं पाहिजे. पुरेसा पुरावा मिळाला नाही.

हे सगळं बहिणीला ऐकवताना माझाच आवाज खाली गेला. कारण साडेचार हजार न घेता हेच काम मी फुकटात केलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी पाचवीत एक पोरगं होतं. फळ्यावरचं कधी उतरवायचं नाही, पण तोंडी विचारा, सगळं तयार. कविता एकदा ऐकली की पाठ. मी नुकतंच एक प्रशिक्षण करून आले होते. ठरवून टाकलं, हा ऐकून शिकणारा. त्याच्यासाठी धडे फोनवर रेकॉर्ड करून द्यायला लागले आणि शिक्षकांच्या परिषदेत सांगतानासुद्धा फुशारकीने सांगितलं. मग शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली. दोन्ही डोळ्यांना नंबर. चष्मा लागल्यावर पहिल्याच दिवशी पोरगं मला म्हणालं, “बाई, फळ्यावर रेघा आखलेल्या आहेत व्हय?”

आमच्या फळ्यावर लिहायला आखलेल्या रेघा पहिल्यापासून आहेत. मी त्याची शैली जपत बसले होते आणि त्याला शैली नव्हतीच, चष्मा नव्हता.

आता बाकीच्यांना वाटेल की बाई मोबाइलविरोधी झाल्या. उलट आहे. रेकॉर्डर मी अजून वापरते, पण आता सगळ्यांसाठी. पोरगं वाचतं, मी रेकॉर्ड करते, त्याचं त्याला ऐकवते. पहिल्यांदा सगळी हसतात, ‘हा माझा आवाज नाही’ म्हणून. तिसऱ्यांदा स्वतःच सांगतात, “बाई, मी वेलांटी खाल्ली.” हे मी शंभरदा लाल पेनने दाखवून झालं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच की कुठलं साधन घ्यायचं हे पोराच्या बोटांवरून ठरत नाही, धड्यावरून ठरतं. ओवी ऐकावीच लागते, कितीही ‘दृश्य’ पोरगं असो. नकाशा बघावाच लागतो. लिटर आणि मिलिलिटर पाणी ओतल्याशिवाय कळत नाही, आणि त्याला टॅब लागत नाही, बादली लागते. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ लावायचा आणि आपण वह्या तपासत बसायचं, हेही मी केलंय. वर्ग शांत होता. बाकी काही झालं नव्हतं.

या फेब्रुवारीत सावलीचा धडा आला. मैदानात काठी रोवली, तीन विटांच्या आधाराने माझा फोन उभा करून टाइमलॅप्स, म्हणजे तासांचं मिनिटांत दाखवणारा व्हिडिओ, लावला. पोरांनी दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा आणि वेळ लिहायची. मध्ये एक शेळी येऊन दोन खडे उडवून गेली, ती व्हिडिओत अर्धा सेकंद दिसते आणि तो भाग वीस वेळा बघून झाला. सावली सगळ्यात लहान कधी होणार? सगळ्यांची पैज बारा वाजताची. बारा वाजले, सावली कमी होतच राहिली. दुपारी लांबी इतकी सावकाश बदलते की नेमका क्षण सापडेना. मग एका मुलीने व्हिडिओ मागे-पुढे करून सारख्या लांबीच्या दोन सावल्या शोधल्या आणि खड्यांवरून वेळ काढली. साडेअकराची आणि दोनची. मधोमध किती? पावणेएक.

आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखावृत्तावर चालतं. आमची सांगली 74.6 च्या आसपास. अंशाला चार मिनिटं, म्हणजे बत्तीस मिनिटं उशीर. वरची तेरा-चौदा कुठून आली? पृथ्वीची लंबगोल कक्षा आणि कललेला आस, ती मिनिटं वर्षभर कमीजास्त होत राहतात. हे सांगायला मला दोन दिवस लागले, त्यातला एक माझ्याच अभ्यासाचा. त्या दिवशी कोण बघून शिकलं आणि कोण हातांनी, विचारू नका. खडे ठेवणारीच भांडत होती आणि भांडणारीच मोजत होती.

व्हिडिओ मी बहिणीला पाठवला. ॲप सांगितलं नाही म्हणून ती जरा नाराजच होती. दोन दिवसांनी भाच्याचा मेसेज आला. “मावशी, गच्चीवर केलं. आमच्याकडे एक वाजून पाच मिनिटं येतंय. तुमचं चुकलं का माझं?”

पुणे आमच्या थोडं पश्चिमेला आहे, पण फरक तीनेक मिनिटांचा यायला हवा. मी विचारलं, काठी ओळंब्यात होती का? ओळंबा काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन लावून सोडतो तो, एवढंच लिहिलं.

संध्याकाळी फोटो आला. गच्चीचा कठडा, त्याला टेकवलेली झाडूची काठी, आणि शेजारी शिवणाच्या दोऱ्याला लोंबकळणारी स्कूटरची किल्ली.