डाळ शिजली म्हणून बोअरचं पाणी चांगलं ठरत नाही

आमच्या आक्काने परवा एक मेसेज पाठवला. कोल्हापूरजवळच्या पाचगाव-कळंब्याकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तो फिरतोय. म्हणणं असं: दोनशे फुटांखालचं पाणी खडकातून गाळून येतं, म्हणून शुद्धच असतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) तीनशेच्या आत आणि डाळ लवकर शिजत असेल तर तपासणीवर पैसे घालवू नका, शंका आली तर उकळून प्या. आक्काच्या घरी दोन लहान नातवंडं बोअरचंच पाणी पितात, म्हणून हे लिहितोय.

खडकातून गाळून येतं, हे अर्धं खरं. गढूळपणा अडकतो, बरेचसे जंतूही. पण फ्लोराईड, आर्सेनिक ही जास्त झाली की अपाय करणारी द्रव्यं खडक-गाळातच असतात. तिथूनच ते पाण्यात उतरतात. पश्चिम बंगालमध्ये तळ्याच्या पाण्याने पटकी-हगवण होते म्हणून नलिका विहिरी खोदल्या. १९८३ मध्ये कोलकात्यात त्वचेच्या रुग्णांवरून कळलं, की त्या पाण्यात आर्सेनिक आहे. कुठल्या कारखान्याचं नव्हे, नद्यांनी आणून टाकलेल्या गाळातलं.

डाळीची खूण सगळ्यांत फसवी, कारण ती आपल्या आजीपासून चालत आलेली. डाळ शिजत नाही ती पाण्यातल्या कॅल्शियममुळे. पण हेच कॅल्शियम फ्लोराईडला धरून खाली बसवतं. खोलवरच्या पाण्यातलं कॅल्शियम कमी होऊन सोडा वाढला, की पाणी मऊ होतं, डाळ छान शिजते, साबणाला फेस येतो, आणि फ्लोराईडला मोकळं रान मिळतं. म्हणजे ज्या पाण्याचं आपण कौतुक करतो, तेच आधी तपासायला हवं. फ्लोराईडला चव नाही, वास नाही. दिसतं ते पोरांच्या दातांवर, पांढरे ठिपके आणि पुढे तपकिरी पट्टे. तोवर काही वर्षं गेलेली असतात. डाग मग जात नाहीत.

टीडीएसचं पेनासारखं मीटर घरोघरी आहे. ते पाण्यातल्या सगळ्या क्षारांची मिळून बेरीज सांगतं, कोणता क्षार किती ते नाही. त्याचा एक आकडा म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे त्या एका आकड्याचा शंभरावा भाग. मीटरला ते दिसणारच नाही.

उकळण्याने जंतू मरतात. फ्लोराईड उडून जात नाही. लिटरला दीड मिलिग्रॅम फ्लोराईड असलेलं दोन लिटर पाणी आटून दीड लिटर झालं, की प्रमाण दोनवर जातं. आपल्याकडची कमाल मर्यादाच १.५ आहे, तीही दुसरं पाणी मिळत नसेल तेव्हाची, एरवी १. तुरटी फिरवूनही ते निघत नाही.

'आपला काळा कातळ आहे, इथं काही होत नाही,' असंही त्या मेसेजात आहे. कोल्हापूरचा बराचसा भाग बेसाल्टचा, आणि फ्लोराईडसाठी नाव येतं ते चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडचं, हे मला मान्य आहे. घाबरून बोअर बंद करा असं मी म्हणतच नाही. पण कातळाचं नाव म्हणजे तुमच्या बोअरचा रिपोर्ट नव्हे. शिवाय उसाच्या पट्ट्यात खतांचं नायट्रेट आहेच, तेही डोळ्यांना दिसत नाही.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. फ्लोराईडचं नाव घेऊन सांगा, आर्सेनिकचंही वेगळं विचारा. रविवारी आक्काकडे जाऊन मी बाटली भरणार आहे: प्लॅस्टिकची, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली, मोटर दहा मिनिटं चालवून पाइपातलं साचलेलं पाणी निघून गेल्यावर.