दहा ग्रॅम कुठे लावायचे ते तरी सांगा!

पिकलबॉल म्हणजे टेनिससारखाच, पण लहान कोर्टावर पॅडलने खेळायचा खेळ. त्या पॅडलच्या मुठीच्या बुडाशी बसवायची ती वजनदार कॅप विकणाऱ्यांना एकदा समोर बसवून जाब विचारायचाय मला. पॅडलचं डोकं जड वाटतंय? ही कॅप लावा, बॅलन्स खाली येईल, पॅडल झटकन फिरेल. असं बिनदिक्कत छापतात पाकिटावर! अरे, वजन वाढवल्यावर पॅडल फिरवायला सोपं कसं होईल?

हिशेब करायला कुणाला वेळच नाही, म्हणून मी करते. २३० ग्रॅमचं पॅडल घ्या. बोटावर आडवं धरलं की ते बुडापासून २४ सेंटिमीटरवर तोललं जातंय असं धरा. आता बुडाशी १० ग्रॅमची कॅप बसवा. तोल येतो २३ सेंटिमीटरवर. चांगला एक सेंटिमीटर सरकला! व्हिडिओत हेच दाखवतात, बोटावर पॅडल तोलून, आधी आणि नंतर. पण पिकलबॉल बोटावर पॅडल तोलून खेळतात का? पॅडल फिरवावं लागतं. आणि ते फिरवायला किती जड जातं हे स्विंगवेटवर ठरतं, म्हणजे वजन हातापासून किती लांब आहे त्या अंतराच्या वर्गावर. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून फिरवा, मग तोच डोक्याजवळ धरून फिरवा, मनगटाला लगेच कळतं. वजन तेवढंच, अंतर बदललं.

बुडाशी लावलेले ते १० ग्रॅम हाताच्या अगदी जवळ असतात. त्यामुळे स्विंगवेटमध्ये त्यांनी पडणारा फरक जवळजवळ शून्य. जो काही पडतो तोसुद्धा वाढीचाच! कमी होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण टोकाकडचं साहित्य होतं तिथेच आहे, त्यातला एक कणही तुम्ही काढलेला नाही. किचनच्या, म्हणजे जाळीलगतच्या पट्ट्याच्या, रेषेवर दोघं समोरासमोर उभे असले की मध्ये अंतर किती? जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फूट, म्हणजे १४ फूट. तिथे अंगावर चेंडू आला की पॅडल वेळेत पोचतं की नाही एवढाच प्रश्न असतो. डोकं जड असलेलं पॅडल तिथे उशिरा पोचतं, आणि कॅप लावल्यावरही तितक्याच उशिरा पोचतं. वर एकूण वजन वाढलं ते वेगळंच, संध्याकाळपर्यंत कोपर बोलायला लागतं.

मुठीत वजन आवडणारे खेळाडू आहेत, हे मला मान्य आहे. त्यांना पकड भरीव वाटते, फटका स्थिर वाटतो. मग तसं सांगून विका ना! डोकं हलकं होईल हे खोटं कशाला?

हेच १० ग्रॅम दुसरीकडे लावले तर काय होतं ते बघा, म्हणजे माझा संताप कळेल. स्विंगवेट साधारणपणे बुडापासून पाच सेंटिमीटरवरच्या अक्षाभोवती मोजतात. ४१ सेंटिमीटर लांब पॅडलच्या अगदी टोकाला १० ग्रॅम चिकटवले की स्विंगवेट जवळपास १३ ने वाढतो. आणि बहुतेक पॅडलांचा मूळ आकडाच ११५ च्या आसपास असतो! तेच वजन दोन्ही कडांना, डोक्याच्या मधोमध, अर्धं-अर्धं लावलं तर वाढ पाचच्या आसपास. शिवाय ट्विस्टवेट चांगला वाढतो, म्हणजे चेंडू मधोमध न लागता कडेला लागला तरी पॅडल हातात कमी वळतं. वजन एकच, जागा तीन, आणि परिणामांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि वजनाच्या पट्ट्यांच्या पाकिटावर काय लिहिलेलं असतं? ‘सोयीनुसार हवं तिथे लावा.’ हवं तिथे! ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे तीच ग्राहकावर सोडून मोकळे.

पॅडल बनवणारे याहून वाईट. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, मोजमापं आहेत, तरी पॅडलवर छापतात काय, तर ‘७.८ ते ८.२ औंस’. ग्रॅममध्ये काढा, साधारण २२१ ते २३२. म्हणजे ११ ग्रॅमचा फरक यांच्या लेखी फरकच नाही! माझं आणि माझ्या जोडीदाराचं पॅडल एकाच मॉडेलचं, काट्यावर ठेवलं तर वजनं वेगळी, आणि हातात घेतलं तर दोन वेगळ्या कंपन्यांची वाटतात. ज्या चुकीकडे कारखान्याने डोळेझाक केली ती मी पट्ट्या चिकटवून निस्तरायची. आणि सुरुवात कुठून करायची? माझ्या पॅडलवर मूळ स्विंगवेट लिहिलेला नाही. आधीचा आकडाच माहीत नसेल तर त्यात किती मिळवायचं हे ठरवायचं कसं? अंदाजाने?

नियमांबद्दलही हे विकणारे तोंड उघडत नाहीत. यूएसए पिकलबॉल या अमेरिकेतल्या संघटनेच्या नियमांत वजनाला मर्यादा नाही, पण पॅडलची लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांच्या वर जाता कामा नये, आणि त्यात एज गार्ड (कडेची संरक्षक पट्टी) आणि बुडाची कॅप दोन्ही मोजतात. लांबट पॅडलं बघा, कितीतरी १६.५ बाय ७.५ इंचांची असतात. बेरीज बरोबर २४. मापाला एक केसही शिल्लक नाही! अशा पॅडलच्या बुडाला बाहेरून बसणारी जाड कॅप लावली की पॅडल नियमाबाहेर. स्पर्धेच्या दिवशी कुणी मोजपट्टी लावून मोजलं तर खेळाडूची नाचक्की, विकणारा नामानिराळा. एवढी एक ओळ पाकिटावर छापायला काय जातं यांचं?

लेड टेपचं, म्हणजे वजनासाठी चिकटवायच्या शिशाच्या पट्टीचं, तर विचारूच नका. इंचाला अर्धा ग्रॅम भरणारी पट्टी घेतली, तर एका कडेला तीन ग्रॅमसाठी सहा इंच लागते. एवढी लांब पट्टी एज गार्डवर चिकटवायची, आणि उन्हात तापून गोंद सैल झाला की तिचं टोक सुटून बोटांना ओरबाडतं. खालचे फटके घेताना कडा जमिनीला घासते, पट्टी झिजते, बोटं काळी होतात. ते काळं म्हणजे शिसं आहे, विषारी आहे! त्याच बोटांनी माणसं पाण्याची बाटली उघडतात, घाम पुसतात, पोरांना पॅडल खेळायला देतात. वरून एक आवरणाची पट्टी लावा, खेळ झाल्यावर हात धुवा, एवढं सांगायला हवं की नको? टंगस्टनच्या पट्ट्या मिळतात, शिशापेक्षा कितीतरी घन, त्यामुळे तेवढ्याच वजनाला तुकडा लहान लागतो आणि हात काळे होत नाहीत. पण तिथेही गोंद तोच रद्दी. रॅली रंगात आली असताना तुकडा उडाला की पॅडल एका बाजूने हलकं, आणि पुढचा प्रत्येक ब्लॉक, म्हणजे नुसतं पॅडल आडवं धरून परतवलेला चेंडू, तिरका जातो.

ओव्हरग्रिपचे, म्हणजे मुठीवर वरून गुंडाळायच्या पट्टीचे, पाच-सहा ग्रॅम तर कुणी मोजतच नाही. एकावर एक दोन चढवतात, वर घामाने भिजवतात, आणि मग बॅलन्स बिघडला म्हणून टोकाला पट्टी लावतात. म्हणजे मुठीशी लावलेल्या वजनाने पॅडल फिरवणं कधी बिघडलंच नव्हतं, तरी ते सुधारायला स्विंगवेट वाढवून घ्यायचा!

आणि कोर्टाच्या कडेला उभे राहून सल्ले देणारे! पॅडल हातात घेतात, हवेत दोनदा फिरवतात आणि निकाल देतात, ‘वर थोडं लेड लाव, मस्त होईल.’ थोडं म्हणजे किती? वर म्हणजे कुठे, टोकाला की कडांना? मला ड्राइव्हला (सपाट, जोरदार फटक्याला) जोर हवाय की व्हॉलीला (टप्पा पडण्याआधी मारायच्या फटक्याला) चपळाई हवीये, हे विचारलंत का? माझं मनगट दुखतं की खांदा, हे माहीत आहे का? काही नाही. स्वतःच्या पॅडलला जे चाललं तेच सगळ्यांना चिकटवायचं. यापुढे किती ग्रॅम आणि बुडापासून किती सेंटिमीटरवर, हे सांगता येत नसेल तर कृपा करून माझ्या पॅडलला हात लावू नका.